जनावर पारखायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

नवशिका_कास्तकार
मी पशुपालनाच्या कोर्सला आहे आणि परीक्षण स्पर्धेत उतरायचंय. चार गायी समोर उभ्या करतात, पहिली ते चौथी असा क्रम लावायचा आणि मग दोन मिनिटांत तोंडी सांगायचं की असाच का लावला. अवयवांची नावं पाठ आहेत पण प्रॉब्लेम असा की एकेक बघितली की सगळ्याच चांगल्या दिसतात, चार शेजारी शेजारी आल्या की डोकं बंद पडतं. आणि ५० पैकी मार्क नेमके कापतात कसे तेही कोणी धड सांगत नाही.

दावणीवाला
आधी जवळ जाऊच नको. बहुतेक पोरं धावत जाऊन कासेला हात लावतात. पंधरा-वीस फुटांवर थांब, बाजूने बघ, मागून बघ, पुढून बघ, मग चालवायला सांग आणि तेवढ्यात मनात कच्चा क्रम लागलाच पाहिजे, हात नंतर फक्त खात्री करायला.
दुधाच्या गायीत जास्त वजन कासेला. मागून बघताना कासेचा तळ हॉकच्या (मागच्या पायाचा तो उलटा वाकणारा सांधा) वर आहे का बघायचं, खाली लोंबत असेल तर पाय लागणार, सड चिरडणार, कासदाहाची भीती वाढणार. मधली खाच स्पष्ट दिसली म्हणजे आतला आधार शाबूत आहे, तळ सपाट होऊन सड बाहेर फाकलेत तर तो आधार सुटत चाललाय. आणि मोठी कास म्हणजे चांगली कास नव्हे!! दूध काढल्यावर कास सुरकुतून मऊ पडली पाहिजे. काढल्यावरही तशीच टणक आणि भरलेली राहिली तर ते मांस आहे, दुधाची जागा नाही.

खूर_आणि_चाल
वरचं बरोबर आहे पण सगळे कासेतच अडकतात आणि पाय बघायचे राहतात. कास कितीही सुंदर असू दे, उभी राहायला आणि चाऱ्यापर्यंत जायला पाय लागतात ना. बाजूने बघ, मागचा पाय विळ्यासारखा फार वाकलेला नको आणि खांबासारखा सरळसोटही नको. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाजवळ पडतो का बघ. उभी असताना पाठ सरळ आणि चालायला लागली की पाठीला कमान येते, अशी गाय असेल तर लंगडं दिसत नसलं तरी पाय दुखायला लागलाय समज. होल्स्टिन या दुधाळ जातीच्या अमेरिकन गुणपत्रिकेत १०० पैकी कासेला ४० आणि मागच्या पायांना २० आहेत, म्हणजे पाय किरकोळ नाहीत.

हिशोबी_माणूस
मार्कांचं सोपं आहे. परीक्षक अधिकृत क्रम लावतो आणि लागोपाठच्या जोड्यांमधला फरक किती तो आकडा देतो, त्याला कट म्हणतात. समज क्रम १-२-३-४ आणि कट २, ५, ३. म्हणजे पहिली-दुसरी जवळजवळ सारख्या, दुसरी-तिसरीत मोठं अंतर. तू पहिली-दुसरी उलट लावलीस तर फक्त २ गेले, ४८ मिळाले. दुसरी-तिसरी उलटवलीस तर ५ गेले. पहिली-तिसरीची जोडी उलटी पडली तर त्या एका जोडीचे २ आणि ५ मिळून ७. अशा जेवढ्या जोड्या उलट्या तेवढी वजाबाकी, पूर्ण उलटा क्रम लावला तर या उदाहरणात ३५ जातात आणि १५ उरतात. म्हणून मधली मोठी दरी आधी शोध, जवळच्या जोडीवर डोकं शिणवत बसू नको.

नवशिका_कास्तकार
हे कोणीच असं सांगितलं नव्हतं, धन्यवाद दादा. आणि दात? दात बघायचे का?

दावणीवाला
स्पर्धेत वयोगट आधीच ठरलेला असतो, तिथे सहसा दात बघत नाहीत. विकत घेताना मात्र तोंड उघडूनच बघायचं. आदात म्हणजे सगळे दुधाचे दात, साधारण दोन वर्षांच्या आसपास पुढची पहिली जोडी पडून पक्की येते, मग वर्षाला साधारण एकेक जोडी, दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे जुळले की तिथून पुढे फक्त झिजेवरून अंदाज. जात आणि चारा याने मागेपुढे होतं, त्यामुळे कोणी महिन्यापर्यंत वय सांगायला लागला की हसून सोडून द्यायचं.

खूर_आणि_चाल
तोंडी कारणांबद्दल एक. "ही गाय चांगली आहे, तिची कास चांगली आहे" असं बोललास की मार्क गेले. जोडीजोडीने तुलना कर: "पहिलीला दुसरीच्या वर ठेवली कारण तिच्या कासेची पुढची बाजू पोटाला जास्त घट्ट चिकटलेली आहे आणि मागची बाजू उंच व रुंद आहे. दुसरी छातीत जास्त खोल आहे हे मान्य, पण तिचे मागचे सड बाहेर फाकतात." खालच्या गायीचा चांगला गुण मान्य करायचाच, नाहीतर परीक्षकाला वाटतं तू तिला बघितलंच नाही. आणि जे बघितलं नाही ते बोलायचं नाही, उलट प्रश्न येतो आणि तिथे सगळं उघडं पडतं. शेवटच्या गायीवर थोडक्यात बोल, पण ती शेवटी का ठेवली ते सांगच.