‘पाळी’ म्हणायचं की ‘कावळा शिवला’? १९६० ते ८५ च्या काळातल्या मोकळ्या घरांची उत्तरं

वयात येणाऱ्या मुलामुलींना त्या काळी काही घरांत नीट उत्तरं मिळत. ती कशी दिली जायची, कुठे बिनसायचं, हे या विषयात काम केलेल्यांनी सविस्तर सांगावं.

निवृत्त परिचारिका

‘कावळा शिवला’ म्हटलं की धाकटी भावंडं खिडकीत कावळा शोधत. मोकळ्या घरातली आई सरळ ‘पाळी’ म्हणे, आणि तेवढ्यानेच पुढचं बोलणं सोपं होई. सांगायचं ते आधी सांगायला हवं. छाती वाढू लागल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते, म्हणजे आईला खूणही मिळते आणि वेळही. जिला काहीच माहीत नसतं, ती मुलगी आतून काहीतरी फाटलं असं समजून घाबरते आणि कपडे लपवते.

मुलीला एवढं कळलं तरी पुरतं: रक्त काही दिवस जातं, ते सगळं मिळून ३० ते ८० मिलिलिटर, म्हणजे सहा ते सोळा चहाचे चमचे. पहिली दोन वर्षं तारखा मागेपुढे होतात. तेवढ्यावरून लगेच काळजी करू नये.

पाळीत वापरायची कापडाची घडी जुन्या सुती लुगड्याची चांगली. ती आधी थंड पाण्यात बुडवायची. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन गोठतं आणि डाग धाग्यात पक्का बसतो. मग साबण, भरपूर पाणी आणि कडक ऊन. चूक होते ती वाळवताना. कुणाला दिसू नये म्हणून घडी परकराखाली किंवा मोरीतल्या खिळ्याला टांगली जाते, दमट राहते, आणि तीच पुन्हा वापरली की जांघेत खाज, पुरळ. घडी उन्हातल्या दोरीवर घालायची परवानगी, हे आईने मुलीला दिलेलं सर्वांत उपयोगी शिक्षण होतं असं मला मनापासून वाटतं.

जीवशास्त्राचे माजी शिक्षक

मुलग्यांकडे मात्र कुणी पाहतच नसे. ‘स्वप्नदोष’ या नावातच दोष आहे. शंभर थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब होतो ही समजूत, त्यात भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’, ‘धातू जाणे’ अशा जाहिराती. पोरं खचत, जेवण टाकत, चोरून चूर्णं घेत. या भीतीतून येणाऱ्या थकव्याला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं.

जाणते वडील चार गोष्टी सांगत. झोपेत वीर्य बाहेर पडतं, ते जेमतेम चमचाभर असतं. शरीर ते सतत तयार करतं, साठा संपत नाही. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, नजरही जात नाही. चादर स्वतः भिजत घाल, कुणी विचारणार नाही. ही शेवटची गोष्ट बहुतेक बाप विसरत, आणि मुलाला खरी लाज त्या चादरीचीच असते.

ग्रंथपाल

वरच्या उत्तरांना महाराष्ट्रात जुना आधार आहे. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ ते १९५३ चाललं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. अशी पुस्तकं-मासिकं घरात असतील तर ती उघड्या कपाटात, इतर पुस्तकांच्या रांगेत ठेवावीत. कुलपातलं पुस्तक मूल शोधतंच, पण मग शंका कुणाला विचारायची सोय राहत नाही.

कुटुंबनियोजनाच्या माजी कार्यकर्त्या

१९६८ मध्ये ‘निरोध’ हा सरकारी कंडोम बाजारात आला, पंधरा पैशांना तीन. कुटुंबनियोजनाची खूण असलेला लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर दिसू लागला. नुकतं वाचायला लागलेलं मूल मोठ्याने वाचून विचारणारच, आणि तेही पाहुण्यांसमोर. ‘गप्प बस’ म्हटलं की ते पुढचा प्रश्न गल्लीतल्या मोठ्या पोरांना विचारतं.

आधी ‘तुला काय वाटतं?’ असं विचारावं, म्हणजे त्याने काय ऐकलंय ते कळतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘इतक्यात बाळ नको असेल तर आईबाबा वापरतात’ एवढं बास. तेरा-चौदाव्या वर्षी तोच प्रश्न आला तर वीर्यातला शुक्राणू आणि स्त्रीबीज यांची भेट कशी होते आणि निरोध ती कशी अडवतो, हे सांगायचं, शाळेच्या पुस्तकातली आकृती समोर ठेवून. हे बोलताना भाजी निवडावी किंवा कपडे घड्या करावेत. नजरेला नजर नसली की मुलं जास्त विचारतात. दोन-चार वाक्यांनंतर थांबायचं. तासभर शिकवलं तर मूल पुन्हा विचारायला येत नाही.