एमबीएपूर्वी संख्याशास्त्राची उजळणी करावी का?

पाचपाखाडीकर:
जुलैअखेर नवी मुंबईत माझे एमबीएचे वर्ग सुरू होत आहेत. माझी पदवी इतिहासाची. मध्य, मध्यक आणि बहुलक हे दहावीतले तीन शब्द सोडले तर गणितातले फारसे काही लक्षात राहिलेले नाही. हाताशी सहा आठवडे आहेत. ते प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप), संभाव्यता आणि सहसंबंध यांच्या उजळणीला द्यावेत असे माझे मत आहे, कारण वित्त आणि विपणन या दोन्ही विषयांत या संकल्पनांची पावलोपावली गरज पडते. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी ते कारणांसह मांडावे.

सीवूड्सवासी:
माझे मत वेगळे आहे. हा विषय वर्गात मुळापासून शिकवतात. मी प्रवेशापूर्वी दोन महिने सूत्रे पाठ केली, आणि वर्गात सारी आकडेमोड एक्सेलवर झाली. तोच वेळ ताळेबंद वाचायला शिकण्यात घालवला असता, तर पहिले सत्र मला इतके जड गेले नसते.

कोपरीची वाचक:
सूत्रांचे पाठांतर म्हणजे उजळणी नव्हे. घरून वाशीच्या कार्यालयात जायला मला लोकलने सरासरी ४० मिनिटे लागतात आणि बसनेही तेवढीच. मी दोन्हींच्या वीस-वीस फेऱ्यांची वहीत नोंद ठेवली, तेव्हा लोकलचे प्रमाण विचलन ३ मिनिटे आले आणि बसचे १२. आता ५० मिनिटे आधी निघाले, तर लोकलने उशीर होण्याची शक्यता नगण्य आहे. बसने मात्र, प्रसामान्य वितरण धरले तर, म्हणजे नोंदी सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच पसरून त्यांचा आलेख घंटेच्या आकाराचा होतो असे मानले तर, साधारण पाचांतून एकदा उशीर होणार. एक्सेल १२ हा आकडा काढून देईल, पण महत्त्वाच्या बैठकीच्या दिवशी बस टाळावी, हे तो आकडा वाचता येणाऱ्यालाच कळेल.

घणसोलीकर:
सहमत. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना ६ लाखांची आणि एकाला ३६ लाखांची नोकरी मिळाली, तर सरासरी ९ लाख होते, पण मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६ लाखच राहतो. हे प्रवेशाचे शुल्क भरण्याआधी समजलेले बरे.

सीवूड्सवासी:
‘प्रसामान्य वितरण धरले तर’ या शब्दांवरच माझा आक्षेप आहे. बस वीस मिनिटे लवकर पोहोचणे जवळपास अशक्य, पण ऐरोलीच्या कोंडीत अडकली तर चाळीस मिनिटे उशीरही होऊ शकतो. अशा एका बाजूला लांबलेल्या नोंदींवर घंटेच्या आकाराचा वक्र बसवला की अंदाज चुकतो. शिक्षकाविना केलेल्या उजळणीत नेमकी हीच चूक अंगवळणी पडते, आणि ती नंतर सुटता सुटत नाही.

कोपरीची वाचक:
आक्षेप मान्य आहे. वही पुन्हा पाहिली; बसच्या २० फेऱ्यांपैकी ३ फेऱ्यांना ५० मिनिटांहून अधिक वेळ लागला होता, म्हणजे अंदाजापेक्षा थोडे कमी. पण इतक्या थोड्या नोंदींवरून किती ठामपणे बोलावे, हा प्रश्नही व्यवसायातलाच आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लहान नमुन्यांवरचा निबंध लिहिला, तो अशाच अडचणीतून. तुमच्या मनात ही शंका आली, कारण तुमचा पाया पक्का आहे. नवख्या विद्यार्थ्याला ती कशी यावी?

पाचपाखाडीकर:
मग सूत्रे बाजूला ठेवतो. रोजच्या प्रवासाच्या नोंदी घेऊन चार आठवडे यावर घालवीन आणि उरलेले दोन ताळेबंदाला देईन.

सीवूड्सवासी:
माझ्या मते हे प्रमाण उलटे हवे.