गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार, हा देशातला रेकॉर्ड आहे का? (पैज लागलीय, लवकर सांगा)

बार्शीकर_इन_पुणे

नमस्कार मंडळी. ऑफिसात एक पैज लावून बसलोय आणि आता हरतो की काय असं वाटायला लागलंय म्हणून इथे आलो. झालं असं की परवा डबा खाताना निवडणुकांचा विषय निघाला आणि मी छाती फुगवून सांगितलं की एकाच मतदारसंघातून सगळ्यात जास्त वेळा निवडून यायचा देशातला रेकॉर्ड आमच्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचा, ११ वेळा, ते पण शेकापच्या (शेतकरी कामगार पक्षाच्या) तिकिटावर. (मी सांगोल्याचा नाही हे नावावरून कळलंच असेल, पण जिल्हा एकच ना, तेवढा हक्क आहे.) तर टीममधला कोट्टायमचा एकजण म्हणाला हॅ, आमच्याकडे १३ वाला बसलाय. चेन्नईची एकजण म्हणाली करुणानिधी पण १३. मी म्हणलं फेकू नका, लागली मिसळीची पैज, सहा जणांची मिसळ.

घरी येऊन शोधायला बसलो तर डोकं गरगरलं. एक ठिकाणी लिहिलंय १९६२ पासून सलग, दुसरीकडे दोनदा पडले, कुठे पोटनिवडणूक पण मोजलीय. जाणकारांनी नीट सांगा, कधी जिंकले कधी पडले, आणि मुळात एवढी वर्षं लोक एकाच माणसाला का निवडून देत राहिले? आमच्याकडे तर पाच वर्षांत आमदाराचा पक्ष बदलतो.

जुना_पेपरवाला

मिसळीचे पैसे काढून ठेवा दादा, हरलात.

आधी आपल्या माणसाचा हिशोब. सलग बिलग काही नाही, ते लिहिणाऱ्यांनी उगाच लिहिलंय. १९६२ ला पहिल्यांदा आले, १९६७ ला परत, १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आत. मग १९७८, ८०, ८५, ९० ओळीने. १९९५ ला पडले. मग १९९९, २००४, २००९, २०१४. मोजा बोटं, पोटनिवडणूक धरून बरोबर ११. म्हणजे १३ वेळा उभे राहिले, ११ वेळा जिंकले. २०१९ ला वय नव्वदीच्या पुढे गेलेलं, स्वतःहून थांबले. ३० जुलै २०२१ ला गेले.

आता तुमचे सहकारी. करुणानिधी १३ वेळा आमदार हे खरं, १९५७ ते २०१६, आणि एकदाही पडले नाहीत. पण त्यांचे मतदारसंघ बदलत गेले, कुळित्तलै, तंजावर, सैदापेट, अण्णानगर, चेपॉक, शेवटी तिरुवारूर. त्यामुळे 'एकाच मतदारसंघातून' या तुमच्या अटीत ते बसत नाहीत, चेन्नईच्या ताईंकडून तेवढी मिसळ वाचवा. कोट्टायमवाला मात्र शंभर टक्के बरोबर. के. एम. मणी, केरळ काँग्रेस, मतदारसंघ पाला, १९६५ ते २०१६ तेरा निवडणुका आणि तेराही जिंकल्या. तुम्ही एकच फाटा फोडू शकता की १९६५ ला केरळात कुणालाच बहुमत नव्हतं आणि ती विधानसभा भरलीच नाही, म्हणजे ते वर्ष निवडून आले पण बसले नाहीत. पण ते वजा केलं तरी १२ उरतात. शिवाय ओमन चंडी पण आहेत, पुतुप्पळ्ळीतून १२. तेव्हा आपले आबासाहेब (म्हणजे गणपतराव) महाराष्ट्रात एक नंबर, देशात नाही. २००९ आणि २०१४ ला आपल्या पेपरांनी जे रेकॉर्ड रेकॉर्ड छापलं त्यात केरळकडे कुणी बघितलंच नव्हतं.

माणकाठचा_पोरगा

मी सांगोला तालुक्यातलाच. मोजदाद वरच्या काकांनी बरोबर केलीय पण 'का निवडून देत राहिले' ते आकड्यात न्हाय सापडायचं.

आमच्याकडं आमदार म्हणजे आबासाहेब, दुसरा शब्दच नव्हता. माझी आजी तर 'आमदारकी'ला 'आबासायबाचं काम' म्हणायची. वकील माणूस, पण वकिली सोडून लाल बावटा खांद्यावर घेतला. एस्टीनं फिरणारा आमदार म्हणून पेपरात फोटो यायचे ते पुण्यामुंबईच्या लोकांना नवल, आमच्या लोकांना त्यात काय विशेष वाटायचं न्हाय, स्टँडवर दिसले की नमस्कार करायचा आणि आपल्या गाडीची वाट बघायची. आणि तालुका कसला तर माण नदी नावाला, पावसाळ्यात चार दिस वाहिली तर वाहिली. कापसाचं बोंड पिकत न्हाय अशा तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढली आणि चालवून दाखवली, पुढं बायकांची वेगळी सूतगिरणी. दुसऱ्यांच्या गिरण्या कर्जात बुडून भंगारात जात होत्या तेव्हा. घरटी एखादा माणूस त्या गिरणीत असायचा, त्याच्या पगारावर बहिणीची लग्नं झाली, मग मत कुणाला पडणार तुम्हीच सांगा.

१९९५ चं सांगतो, मी सातवीत होतो. मतपत्रिकांचा जमाना, मोजणी रात्रभर चाललेली, आमच्या वडलांचा मित्र आत एजंट होता. वडील अंगणात बाजेवर रेडिओ कानाला लावून आणि आजी दर अर्ध्या तासानं आतून विचारायची 'आलं का आबासायब'. पहाटे तो मित्र सायकल हातात धरून चालत आला, बसला न्हाय त्यावर, तेव्हाच वडलांना कळलं. १९२ मतांनी गेले. १९२ म्हणजे किती, आमच्या वाडीची मतं तेवढी. आजीला पटलंच न्हाय, ती म्हणायची परत मोजा. त्या दिशी घरात चूल उशिरा पेटली एवढं आठवतंय.

जुना_पेपरवाला

वा, हे वाचायला मिळावं म्हणूनच इथे येतो. थोडी भर घालतो. १९७२ चं पडणं समजण्यासारखं आहे, बांगलादेश युद्ध होऊन तीन महिने झाले होते, इंदिरा लाट होती, काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा नेल्या, त्यात भलेभले गेले. पण लाट ओसरल्यावर दोन वर्षांत पोटनिवडणुकीत लोकांनी परत आणलं, मधे ७२ चा दुष्काळ होऊन गेला होता हे लक्षात घ्या. १९९५ वेगळंच, तेव्हा राज्यभर काँग्रेसविरोधी वारं, ४५ अपक्ष निवडून आले, युतीचं सरकार आलं आणि सांगोल्यात बरोबर उलटं, काँग्रेसवाला जिंकला. तो काँग्रेसवाला कोण माहितीय ना? शहाजीबापू पाटील. हो तेच, काय झाडी काय डोंगार वाले.

टँकर_कधी_बंद

सगळे हार घालताहेत म्हणून मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. साधेपणा, एस्टी, प्रामाणिकपणा सगळं मान्य, हात जोडून मान्य. पण १९६२ ते २०१९ मधे ५१ वर्षं एक माणूस आमदार आणि तालुक्यात उन्हाळ्यात टँकर चालूच, चारा छावण्या चालूच. दोनदा मंत्री पण झाले. शेजारच्या तालुक्यांत कारखाने, कॉलेजं, कॅनॉल आले ना? कुणी म्हणेल विरोधी पक्षात होते, मग विरोधी पक्षातच ५० वर्षं राहायचं हा निर्णय कुणाचा होता? मतदाराला त्याची किंमत मोजावी लागली की नाही? २०१२ ला ५० वर्षांचा सत्कार झाला तेव्हा सगळ्या पक्षांचे लोक गोड बोलले, मला तेव्हाच वाटलं की ज्या विरोधकाचं सत्ताधारी एवढं कौतुक करतात त्याची त्यांना भीती वाटत नसणार.

माणकाठचा_पोरगा

भाऊ प्रश्न बरोबर हाय पण अर्धाच विचारला तुम्ही. कॅनॉल शेजारी आला कारण शेजारी उजनीच्या खाली किंवा कृष्णेच्या काठावर. आमच्याकडं पाणी उचलूनच आणावं लागतं, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांतनं, कुठं कराड कुठं मिरज आणि कुठं आम्ही, शेपटाकडचे. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं आणि मे २००० पर्यंत अडवा म्हणून सांगितलं, आणि सरकारं झोपलेली. ते जागं करायला आटपाडीला पाणी परिषद भरायची १९९३ पासून, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबासाहेब. वडील मला खांद्यावर घेऊन गेले न्हाईत कारण मी मोठा होतो, ट्रकच्या हौद्यात उभा राहून गेलोय मी. १३ तालुक्याची माणसं आणि स्टेजवर कुणी 'देऊ' म्हणायचं न्हाय, 'मागा' म्हणायचे. एक सांगू का, कृष्णा खोरे महामंडळ १९९६ ला निघालं तेव्हा आबासाहेब पडलेले, आमदार नव्हते. ज्याच्यासाठी आयुष्य घातलं ते सुरू झालं तेव्हा हा माणूस बाहेर. तुम्ही म्हणता तसं उशीर झाला हे खरंच, आमची एक पिढी मुंबईला हमाली करून संपली. पण सगळा दोष एकाच्या अंगावर टाकू नका. बाकी मंत्रिपद म्हणाल तर एकदा पवारांच्या पुलोद आघाडीच्या सरकारात ७८ ला, एकदा विलासरावांच्या मंत्रिमंडळात ९९ नंतर. दोन्ही मिळून पाच वर्षंबी भरत न्हाईत.

आणि आज डाळिंब आमचं कुठं कुठं जातंय बघा, २०२० ला शंभरावी किसान रेल सांगोल्यातनं थेट बंगालला गेली. ते माळ शेततळ्यावर आणि ठिबकवर उभं राहिलं. आता तेल्या रोगानं निम्म्या बागा काढल्या तो विषय वेगळा, त्यावर बोलायला लागलो तर धागा भरकटेल.

टँकर_कधी_बंद

अर्धा पटला. जातीचं गणित कुणीच बोललं नाही ते पण बोला की, धनगर समाजाची भक्कम मतं पाठीशी होती हे लपवायचं कारण नाही.

माणकाठचा_पोरगा

व्हती की. पण नुसत्या तेवढ्यावर ११ वेळा येत न्हाय कोण, मग बाकीच्या समाजाचे आमच्यासारखे कुणाला मत देत होते?

हिशोबी_मास्तर

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं फक्त एक गंमत सांगायला. १९९५ ला आबासाहेब शहाजीबापूंकडून पडले १९२ मतांनी. त्यानंतर बापू पडत राहिले, २०१४ ला तर आबासाहेबांनी पंचवीस हजारांनी पाडलं, तोवर बापू काँग्रेसमधून शिवसेनेत आलेले. मग २०१९ ला आबासाहेब थांबले, नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि बापू २४ वर्षांनी जिंकले, किती मतांनी तर ७६८. आता करा, एकशे ब्याण्णव चोक? सातशे अडुसष्ट! बरोबर चौपट. विधानसभेत मुलांना हा पाढा शिकवायला हवा. :)

आणि २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच आले, तिरंगी लढतीत, समोर बापू शिंदेंच्या शिवसेनेकडून आणि दीपकआबा साळुंखे ठाकरेंच्या शिवसेनेकडून. अख्ख्या महाराष्ट्रात शेकापचा तेवढा एकच निवडून आला. जिथे एकेकाळी अलिबाग, पेण, सगळा रायगड लाल होता.

बार्शीकर_इन_पुणे

सगळ्यांना दंडवत, मिसळ माझ्याकडे लागली हे मान्य करून टाकलं आज. पण ऐका, मजा पुढे आहे. मी त्या कोट्टायमवाल्याला शहाजीबापूंची गोष्ट सांगितली तर तो टेबलावर हात आपटून म्हणाला सेम टू सेम. म्हणे मणी एप्रिल २०१९ ला वारले, सप्टेंबरमध्ये पालाची पोटनिवडणूक लागली आणि जो माणूस मणींकडून तीनदा लागोपाठ पडला होता तो माणी सी. कप्पन चौथ्यांदा उभा राहिला आणि जिंकला. आणि पक्ष कुठला? राष्ट्रवादी काँग्रेस! आपल्या पवारसाहेबांचा, केरळात! २०२१ ला मणींच्या मुलालाही त्यानेच पाडलं. म्हणजे २०१९ ला महिन्याभराच्या अंतराने तिकडे कप्पन आणि इकडे बापू.

मी त्याला म्हणलं मग आमच्याकडे २०२४ ला नातू परत आला, तुमच्याकडे अजून नाही, एवढ्यात आम्ही पुढे. तो म्हणाला आधी मिसळ आण. शनिवारी जातोय सहाजण, चेन्नईच्या ताईंना अटीप्रमाणे स्वतःचे पैसे द्यावे लागतील असं सांगितलंय, त्या भांडताहेत की अट मी नंतर घातली. मास्तर, ते १९२ चोक ऑफिसच्या फळ्यावर लिहून आलोय, अजून कुणी पुसलेलं नाही.