दहा वर्षांपूर्वीचे सगळे दप्तर काढून टाका म्हणतात. विद्यापीठाने कुठली नोंद किती काळ जपावी?

निळी शाई (धागाकर्ती)

मी ज्या विद्यापीठात काम करते तिथे सध्या तळघर रिकामे करायचे चालले आहे. लेखी सूचना आली आहे : दहा वर्षांपूर्वीचे सगळे अभिलेख निकालात काढावेत. सगळे म्हणजे नक्की कोणते, असे विचारले. उत्तर आले, सगळे. म्हणून इथे लिहिते आहे.

बावीस वर्षे परीक्षा विभागाच्या अभिलेख कक्षात गेली. गेल्या वर्षीची गोष्ट. निवृत्तीला आलेल्या एका परिचारिकेचा अर्ज आला. मूळ गुणपत्रके पुरात गेलेली, आणि निवृत्तिवेतनासाठी शिक्षणाची पडताळणी अडलेली. संगणकात तिच्या नावापुढे शेरा होता 'निकाल राखून ठेवला'. म्हणजे कागदोपत्री ती पास झालीच नव्हती! तळघरात जाऊन ३८ वर्षांपूर्वीचे निकाल रजिस्टर काढले. पान वाळवीने कडेला खाल्लेले, पण मजकूर शाबूत. आसनक्रमांक, सात विषयांचे गुण, शेवटच्या रकान्यात तांबड्या शाईत 'राखून', त्या शब्दावर तिरकी रेघ, शेजारी 'उत्तीर्ण, द्वितीय श्रेणी', दुरुस्तीची तारीख आणि दोन सह्या. संगणकात नोंद चढवणाऱ्याने तांबडा शब्द उचलला, रेघ बघितली नाही. ते पान नसते तर तिला मी काय सांगितले असते?

माझे मत असे. निकाल रजिस्टर, पदवी नोंदवही, प्रबंध आणि त्यावरचे परीक्षकांचे अहवाल, विद्यापरिषदेची इतिवृत्ते हे कायम ठेवावे. त्या त्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि श्रेणी देण्याचे नियमसुद्धा कायम. याचा विसर हमखास पडतो. दुसऱ्या देशात परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला नुसते गुण पुरत नाहीत, त्या विषयात त्या वर्षी काय शिकवले होते ते विचारतात. उत्तरपत्रिका मात्र पुनर्मूल्यांकनाची मुदत संपली आणि न्यायालयात काही प्रलंबित नसले की वर्षभराने जाऊ द्याव्यात. शुल्काच्या पावत्या लेखापरीक्षण आणि कायद्याची मुदत संपेपर्यंत. आणि जे नष्ट कराल त्याची सहीनिशी यादी करा, ती यादी कायम ठेवा.

---

खासगी हक्क

उत्तरपत्रिका आणि पावत्यांबद्दल सहमत. 'कायम' या शब्दाला माझा ठाम विरोध आहे.

नोंद ठेवणारा आज भला आहे म्हणून उद्याही भलाच असेल, याची हमी कुठली? डिसेंबर १९४२ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या विद्यार्थी-नोंदींना आग लावली. जर्मन सत्तेला सक्तीच्या मजुरीसाठी विद्यार्थ्यांच्या याद्या हव्या होत्या. त्या याद्या विद्यापीठाने कुठल्याही वाईट हेतूने केल्या नव्हत्या, नीटनेटक्या कारभारासाठीच केल्या होत्या. पण तो नीटनेटकेपणाच मुलांच्या जिवावर उठला.

आज तर जाळायलाही काही हाताला लागत नाही, प्रती किती आणि कुठे आहेत हेच कोणाला ठाऊक नसते. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचे तत्त्व सोपे आहे : कामापुरतीच माहिती, कामापुरताच काळ. पदवी विद्यार्थ्याच्या हातात द्या, डिजिटल सहीची द्या, आणि विद्यापीठाने काही वर्षांनी मोकळे व्हावे. गुण माझे आहेत, ते जपायची जबाबदारीही माझीच असू द्या.

---

निळी शाई

उट्रेख्टचा दाखला मला झोंबला, आणि झोंबायलाच हवा. पण त्यातून मी वेगळा अर्थ काढते. घात केला तो नाव-पत्त्यांच्या यादीने. निकाल रजिस्टरला पत्ता लागत नाही, धर्म लागत नाही, वडिलांचा व्यवसाय लागत नाही, छायाचित्रही लागत नाही. आम्ही प्रवेशअर्जाचा अख्खा गठ्ठा निकालाला बांधून ठेवतो, चूक तिथे आहे. कायम ठेवायची नोंद सडपातळ असावी. बाकीचे मुदतीने जावे, आणि ती मुदत कमीच असावी.

पण 'विद्यार्थ्याच्या हातात द्या' हे मला पटत नाही. ज्याच्याकडे कागद टिकतो त्याला आमची गरजच पडत नाही. आमच्याकडे येतो तो घर जळालेला, पुरात गेलेला, देश सोडून पळालेला माणूस. परदेशी अर्हतांना मान्यता देण्याच्या १९९७ च्या लिस्बन करारात निर्वासितांसाठी वेगळे कलम घालावे लागले, कागद दाखवता येत नसला तरी त्यांची अर्हता तपासायची वाजवी सोय करा म्हणून. २०१७ पासून युरोपात त्यांच्यासाठी अर्हतेचा वेगळा पासपोर्टही काढला जातो. मुलाखती घेऊन, माणसाकडून एकेक तपशील काढून. मूळ विद्यापीठातले एक पान मिळाले तर हा सगळा खटाटोप टळतो.

---

इतिहासवाचक

धागाकर्तीशी माझा वाद उलट बाजूने आहे. तुम्ही फार टाकून देताय.

पुढे काय लागेल ते आज कळत नाही, हाच तर मुद्दा आहे. ऑक्सफर्डमध्ये बायका कित्येक वर्षे परीक्षा देत होत्या, उत्तीर्ण होत होत्या, पण त्यांना पदवी मिळत नव्हती. पदवीच द्यायची नाही तर निकाल कशाला ठेवायचे, असे त्या काळच्या एखाद्या कारकुनाला वाटले असते तर? ऑक्टोबर १९२० मध्ये नियम बदलला आणि पूर्वी उत्तीर्ण झालेल्या बायकांनाही पदव्या घेता आल्या. नोंद होती म्हणून.

आणि प्रबंध? जर्मनीच्या तत्कालीन शिक्षणमंत्री आनेटे शावान यांची डॉक्टरेट ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाने वाङ्मयचौर्यावरून २०१३ मध्ये रद्द केली. प्रबंध होता १९८० चा. तेहतीस वर्षे! तुमच्या दहा वर्षांच्या सूचनेत हे बसते का, ते वरिष्ठांना विचारा.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटते ते नाकारलेल्या अर्जांचे. ते सगळ्यांत आधी जातात. विद्यापीठाने कोणाला आत घेतले ते पदवी नोंदवही सांगते, कोणाला दाराबाहेर ठेवले ते फक्त तेच अर्ज सांगतात. सगळे नका ठेवू, दर पाच वर्षांतले एक वर्ष तरी संपूर्ण ठेवा.

---

खिडकीबाहेरून

एरवी मी नुसता वाचतो. आज लिहितो, कारण 'सगळे ठेवा' वाचून पोटात गोळा आला.

एकोणीस वर्षांचा असताना परीक्षेत कॉपी केल्याचा आरोप माझ्यावर आला. बाकाखाली सापडलेली चिठ्ठी माझी नव्हती. दोन महिन्यांनी चौकशी समितीने अक्षर तपासले आणि मला निर्दोष ठरवले. विषय संपला, असे मी धरून चाललो. चौदा वर्षांनी नोकरीच्या वेळी पूर्वेतिहास पडताळणी झाली. विद्यापीठाकडून जे गेले त्यात आरोपपत्र होते, निर्दोष ठरवल्याचे पत्र नव्हते. आरोपपत्र परीक्षा विभागाच्या फायलीत, निर्णय कुलसचिवांच्या कार्यालयातल्या फायलीत. एक ठेवली, दुसरी मुदत संपली म्हणून नष्ट केली. ती नोकरी गेली. समितीच्या एका निवृत्त सदस्यांनी घरी ठेवलेली प्रत दिली म्हणून पुढचे निभावले.

तुम्ही लोक जपण्याबद्दल प्रेमाने बोलता. माझ्याबाबतीत जे जपले तेच खोटे होते.

---

इतिहासवाचक

तुमच्याबाबतीत झाले तो अन्यायच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण शिस्तभंगाच्या फायली सरसकट नष्ट करा म्हणालात तर मी विरोध करीन. एखाद्या शिक्षकाविरुद्ध आलेल्या छळाच्या तक्रारीही त्याच कपाटात असतात. पीडित माणूस बोलायला दहा-पंधरा वर्षे घेतो. तो बोलतो तेव्हा आधीच्या तीन तक्रारी दाबल्या होत्या का, हे कागदच सांगतात. मुदत संपली, फाइल नष्ट केली, हे संस्थेला किती सोयीचे पडते याचा विचार करा.

---

खिडकीबाहेरून

केला. रात्री बराच वेळ केला. आरोप करणारा, आरोप झालेला आणि आरोप दाबणारी संस्था हे तिघे एकाच कपाटात आहेत, तिथेच गोची आहे. विद्यार्थ्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही तर फाइल जावी. अधिकाराच्या जागेवर बसलेल्या माणसाविरुद्धची तक्रार राहावी, सिद्ध न झालेलीसुद्धा, पण निर्णयासकट, आणि पडताळणीच्या खिडकीवर कधीच न येणारी. दोघांना एक मुदत लावू नका.

---

निळी शाई

हे माझ्या डोक्यात नव्हते. मूळ धाग्यात मी शिस्तभंगाचा उल्लेखही केला नाही. आमच्याकडेही चौकशीचे कागद दोन-तीन ठिकाणी फुटलेले असतात, प्रत्येक विभागाची मुदत वेगळी. यापुढे माझे म्हणणे असे राहील : आरोप आणि निर्णय एकाच फायलीत, एकच क्रमांक, आणि मुदत अंतिम निर्णयाच्या तारखेपासून. अर्धी फाइल ठेवण्यापेक्षा एकही कागद न ठेवणे बरे.

---

संगणक कक्ष

तुम्ही सगळे जागेवरून भांडताय, पण जागेचा प्रश्न सुटलेला आहे. स्कॅन करा, अनुक्रमणिका लावा, कागद लगद्याला द्या. वाळवी नाही, पूर नाही. पीडीएफ/ए नावाचा दीर्घकाळ टिकणाऱ्या दस्तऐवजांसाठीचे आयएसओ मानक २००५ पासून आहे. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा आणि दर वर्षी चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, जुळवा.

---

निळी शाई

आमचे स्कॅनिंग झाले आहे. कृष्णधवल. त्या परिचारिकेचे पान मी मुद्दाम उघडून बघितले. तांबडी शाई राखाडी झाली आहे, तिरकी रेघ 'राखून' या शब्दाच्या अक्षरांत मिसळून गेली आहे, दोन सह्यांपैकी एक कडेला कापली गेली आहे. आणि हे स्कॅन 'तपासून बरोबर' या शेऱ्यासह स्वीकारलेले आहे.

टिकण्याचे म्हणाल तर १९८६ मध्ये बीबीसीने डूम्सडे प्रकल्प लेझर डिस्कवर उतरवला. पंधरा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि माहिती सोडवून घ्यायला तज्ज्ञांना बसावे लागले. ज्या इंग्लंडच्या डूम्सडे नोंदवहीवरून प्रकल्पाला नाव दिले, तिचे १०८६ चे मूळ चर्मपत्र आजही वाचता येते.

---

संगणक कक्ष

कृष्णधवल स्कॅन ही आमच्या व्यवसायातली चूकच आहे, बचाव करत नाही. रंगीत, किमान ३०० डीपीआय, आणि नमुना पाने मूळ रजिस्टरशी जुळवणारा माणूस कंत्राटदाराचा नको, तुमच्या कक्षातला हवा. ज्या पानांवर दुरुस्ती आहे ती रजिस्टरे कागदावरच राहू द्या.

डूम्सडेबद्दल मात्र अर्धेच पटले. ती माहिती शेवटी सुटली, कारण कोणीतरी तिची काळजी घेतली. कागदाचीही कोणीतरी घेतेच, तुम्ही घेता. खरा धोका वेगळा आहे. निकालाची प्रणाली पुरवणारी कंपनी बदलते, जुन्या प्रणालीतून फक्त अंतिम गुण नव्या प्रणालीत येतात आणि कोणी, कधी, का बदलले हा इतिहास मागेच राहतो. तुमची तांबडी रेघ संगणकातही असते, ती स्थलांतरात गळते. करारातच लिहून घ्या की बदलांचा इतिहास वाचता येईल अशा साध्या स्वरूपात परत मिळाला पाहिजे.

---

निळी शाई

हे शब्द जसेच्या तसे उचलते.

---

छोटे महाविद्यालय

एक राहिले. संस्थाच बंद पडली तर? अमेरिकेत बंद पडलेल्या महाविद्यालयांची ट्रान्स्क्रिप्ट बहुधा राज्याच्या शिक्षण यंत्रणेकडे किंवा दुसऱ्या महाविद्यालयाकडे जातात. अशी सोय आधी लिहून ठेवली नसेल तर तुमचे 'कायम' संस्थेच्या आयुष्याइतकेच.

---

खासगी हक्क

सगळे वाचले. सडपातळ नोंदीचा मुद्दा मान्य. तरीही 'कायम' नको, आकडा घाला. जन्मापासून शंभर वर्षे. तोवर ज्याला गरज पडायची त्याची पडून गेलेली असते.

---

इतिहासवाचक

इंगेबोर्ग रॅपोपोर्ट. १९३८ मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठात प्रबंध लिहिला, आई ज्यू वंशाची म्हणून तोंडी परीक्षेला बसू दिले नाही. वंशाचे कायदे आड आले नसते तर प्रबंध स्वीकारला असता, असे प्राध्यापकांनी तेव्हा लेखी दिले होते. २०१५ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांची तोंडी परीक्षा घेतली आणि डॉक्टरेट दिली. वय १०२.

---

खासगी हक्क

मग जन्मापासून १२० लिहा. पण आकडा लिहा. कायम म्हटलेली फाइल परत कोणी उघडून तपासत नाही, आणि वर एका सभासदाच्या बाबतीत त्याचे काय झाले ते आपण वाचले.

---

निळी शाई

विद्यार्थ्याच्या नावाच्या नोंदींना १२० लिहिते. अभ्यासक्रम, इतिवृत्ते, प्रबंध आणि नष्ट केलेल्या दप्तराची यादी यांना कायमच राहील, तिथे मी हटणार नाही. नाकारलेल्या अर्जांचे पाचातले एक वर्ष मागून बघते, मिळेल असे वाटत नाही. सोमवारी कुलसचिवांकडे टिपण देते. रद्दीची गाडी बुधवारी येणार आहे आणि तळघराची किल्ली तोवर माझ्याकडे आहे.