जुन्या स्ट्रॅटमध्ये हंबकर टाकला तर ती तीच गिटार राहते का?

सुटलेलीतार: काकाची १९७८ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट, इलेक्ट्रिक गिटार) माझ्याकडे आलीये. मोठं हेडस्टॉक (मानेचं टोक), मान तीन स्क्रूंवर, वजनाला धोंडा. हेडस्टॉकवर काका जिथे सिगरेट अडकवायचा तिथे काळा डाग आहे. सगळं ओरिजिनल, पण ब्रिज पिकअपवर (तारांचा आवाज उचलणारं चुंबक-कॉइल) ॲम्पचा गेन वाढवला की नुसतं घूंऽऽऽ. रिपेअरवाला म्हणतो लाकूड जरासं कोरून मोठा हंबकर (दोन कॉइलचा, घूं मारणारा पिकअप) बसवू, अर्ध्या तासाचं काम. दोन रात्री झोप नाही राव, मग ती काकाची राहील का?

फ्रेटघाश्या: पिंक फ्लॉइडच्या गिल्मोरची ब्लॅक स्ट्रॅट बघ ना. १९७० ला घेतली, मग माना बदलल्या, पिकअप बदलले, ऐंशीच्या दशकात काहलर ट्रेमोलोसाठी (दांड्याने तारा ढिल्या-घट्ट करून सूर हलवणारा ब्रिज) बॉडी कोरली आणि नंतर ते काढून खड्डा बुजवला. तरी २०१९ च्या लिलावात ३९,७५,००० डॉलर! बिनधास्त कोर.

सोल्डरवाला: अरे ते पैसे गिल्मोरच्या हातांचे, खड्ड्याचे नाहीत. तू कोरलीस तर किंमत धाडकन पडणार आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. सिंगल कॉइलच्या (तुझ्यात आहेत त्या एका कॉइलच्या पिकअपच्या) मापाचे हंबकर मिळतात की, त्याच भोकात बसतात. नाहीतर पिकगार्डचे (पिकअप बसवलेली पुढची प्लास्टिकची पट्टी) ११ स्क्रू काढ, जॅकच्या वायरी आणि मागच्या स्प्रिंगची ग्राउंड वायर सोड, अख्खं पिकगार्ड हातात येतं, दुसरं तयार लाव आणि जुनं डब्यात. आणि आधी हे सांग, तारांना हात लावला की आवाज कमी होतो का? होत असेल तर आधी शिल्डिंग (बाहेरची घूं अडवणारं आतलं धातूचं अस्तर) बघ.

मधलीपोझिशन: फ्लीटवूड मॅकवाल्या पीटर ग्रीनच्या १९५९ लेस पॉल गिटारमध्ये नेक पिकअपचं मॅग्नेट उलटं, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की तो नाकातला पोकळ आवाज येतो. आज कोणी ते "दुरुस्त" केलं तर लोक मारतील त्याला.

सुटलेलीतार: काल पिकगार्ड उघडलं. दोन पिकअपचं बूड राखाडी आणि ब्रिजवाल्याचं काळं, वायरीला काळी टेप गुंडाळलेली. काकाला फोन केला तर म्हणतो, "अरे हो, तो ८६ ला मेला होता, मित्राच्या गिटारचा काढून लावलेला." आणि इतकी वर्षं मला सांगतोय, कशाला हात लावू नकोस, सगळं ओरिजिनल आहे 😑

सोल्डरवाला: 😂 ती टेप तेवढी काढ आणि नीट सोल्डर मार आधी.