अमेरिकेत गाडी घेतल्यावर करात काय वजा होतं?

गाडीवरचा सेल्स टॅक्स वजा होतो का? करपात्र उत्पन्नातून होतो, पण आयटमाइझ केलं (एकेक खर्च वेगळा दाखवून वजावट घेतली) तरच, आणि राज्याचा इन्कम टॅक्स किंवा सेल्स टॅक्स यांपैकी एकच धरता येतो. म्हणून टेक्सास, फ्लोरिडासारख्या, राज्याचा इन्कम टॅक्स नसलेल्या ठिकाणच्यांनाच याचा खरा उपयोग.

बाकीच्यांनी कर्जाच्या व्याजाकडे बघावं. २०२५ ते २०२८ दरवर्षी १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज स्टँडर्ड डिडक्शन (सगळ्यांना मिळणारी ठरावीक वजावट) घेऊनही वजा होतं. गाडी नवी, खाजगी वापराची हवी. लीजवर (भाड्याने) घेतलेली चालत नाही. लोक फसतात ते गाडीच्या अंतिम जुळणीत (असेंब्लीत): ती अमेरिकेतच झालेली लागते, आणि अमेरिकन ब्रँडच्याही कित्येक गाड्या मेक्सिकोत जुळवल्या जातात. सही करण्याआधी काचेवरच्या लेबलावर जुळणीचं ठिकाण वाचाच. टॅक्स रिटर्नमध्ये व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) लिहावा लागतो. उत्पन्न १,००,००० डॉलरच्या (जोडप्याचं २,००,०००) वर गेलं की सवलत घटत जाते.