मदत हवी आहे: येऊर-घोडबंदर भागात दोन रात्रींसाठी साधी, शांत जागा

नमस्कार मंडळी,

माझी मावशी आणि काका डिसेंबरअखेर अंबाजोगाईहून आमच्याकडे ठाण्याला येत आहेत. काका निवृत्त शिक्षक, पक्ष्यांचं जबर वेड. लांब शेपटीचा पांढरा स्वर्गीय नर्तक नीट, निवांत बघायचा ही त्यांची कधीपासूनची इच्छा. मावशीचे गुडघे दुखतात, पण ती घरी बसणाऱ्यातली नाही. सोबत माझा सात वर्षांचा मुलगा.

आमचं घर वर्तकनगरला, म्हणजे येऊर तसं हाकेच्या अंतरावर. तरी काकांना पहाटे जंगलाच्या अंगणातच जाग यायला हवी आहे, आणि मला ते मनापासून पटतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हटलं की सगळे बोरिवलीच्या गेटकडे धावतात. आपल्या ठाण्याच्या बाजूलाही तेच जंगल आहे, ते त्यांनी बघावं असं फार वाटतं.

गेल्या रविवारी येऊरला एक बंगला बघून आले. खोली ठीक होती. पण मागे आंब्याच्या झाडावर खालून वर मारलेले हिरवे-जांभळे फोकस, हिरवळीवर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, आणि कुंपणालगत आदल्या रात्रीच्या उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग. त्यावर चार कुत्री. राखणदार म्हणाला, "ताई, दहानंतर आवाज कमी करतो." कमी करतो, बंद नाही. जंगलाच्या उंबऱ्यावर हे असं बघून जीव कळवळला. तिथे राहायचं नाही हे ठरलं.

दुसरा पर्याय घोडबंदर रोडवरच्या लॉजचा. गायमुख घाटाच्या पुढे हायवेला लागून काही जुनी, बैठी, ढाब्याला जोडलेली लॉज दिसतात. बाहेरून साधी नि बरी वाटतात, पण रात्रभर ट्रेलर चालतात त्या रस्त्याने. कुटुंब घेऊन कुणी राहिलं आहे का?

आम्हाला फार काही नको. स्वच्छ खोली, कमोड (मावशीसाठी हे महत्त्वाचं), बादलीभर गरम पाणी, भाकरी-पिठलं. स्विमिंग पूल नको, डीजे तर नकोच. दोन खोल्यांचे मिळून रात्रीचे चार हजारांपर्यंत देऊ शकतो. शिवाय मावशीला झेपतील अशा जागाही सुचवा. कान्हेरीला तिला नेता येईल का? आणि नागला ब्लॉकला (उद्यानाचाच खाडीपलीकडचा भाग) कुणी अलीकडे गेलं असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद

ताई, मी येऊरच्या पाटोणापाड्याजवळ राहतो. पहिली गोष्ट, तारीख बदला. २५ ते ३१ डिसेंबर येऊरला शांतता मिळणं कठीण, नाक्यावर तपासणी आणि गाड्यांची रांग. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, तेही सोमवार ते गुरुवार या. तेच बंगले तेव्हा रिकामे असतात आणि भावही उतरतो. स्वर्गीय नर्तक कुठे पळून जात नाही, हिवाळाभर ओढ्याकाठच्या दाट सावलीत दिसतो.

पाड्यांवर काही घरं आगाऊ सांगितलं तर चुलीवरचं जेवण करून देतात. पैसे थेट त्या घरात जातात, म्हणून मी तेच सुचवेन. राहायचं ठरलं तर मालकाला आधीच विचारा, बाहेरचे दिवे रात्री विझवाल का? उत्तरावरून माणूस कळतो.

पत्रावळ्यांचं तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं. उष्ट्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मुलाला अंधार पडल्यावर अंगणात एकटं सोडू नका, खरकटं बाहेर टाकू देऊ नका. एवढं सांभाळलंत की घाबरायचं कारण नाही, आम्ही इथेच राहतो.

हायवेच्या लॉजमध्ये राहायचंच झालं तर डोंगराच्या बाजूची, मागची खोली मागा आणि रात्री दहानंतर स्वतः जाऊन आवाज ऐकून या. दिवसा बघून काही कळत नाही.

प्रतिसाद

कान्हेरी मावशींना जमेल, फक्त सगळी लेणी बघायचा हट्ट नको. शंभरावर लेणी आहेत, पण तीन नंबरचं चैत्यगृह तिकीटखिडकीपासून जवळ आहे, पायऱ्या थोड्याच. व्हरांड्याच्या दोन टोकांना उभ्या बुद्धमूर्ती आहेत, मान वर करून बघाव्या लागतात एवढ्या उंच. त्यासाठी मात्र बोरिवलीच्या गेटनेच जावं लागेल, येऊरमधून गाडीरस्ता नाही. सोमवारी उद्यान बंद असतं, तेव्हा मंगळवार धरा.

नागला म्हणजे खाडीपलीकडे, अहमदाबाद हायवेवर ससूनवघरच्या बाजूने. वाट फारशी चढाची नाही आणि शेवटी वसईची खाडी लागते. वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात आधी विचारून घ्या.

आणि मावशींसाठी ऐरोली! तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. चालणं जवळपास नाहीच. भरती-ओहोटीप्रमाणे वेळ बदलते, म्हणून फोन करूनच निघा. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, तुमच्या काकांना हे ऐकून बरं वाटेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काकांशी आत्ताच बोलले, ते म्हणाले जानेवारीच चांगला, तोवर हरभरा बघून होईल. मंगळवारी कान्हेरी, बुधवार-गुरुवार येऊर, शुक्रवारी भरती-ओहोटीची वेळ बघून ऐरोली असं मांडते आहे.

पाटोणापाड्याच्या दादा, जेवण करून देणाऱ्या एखाद्या घराशी गाठ घालून द्याल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. आणि त्या भागात कमोड असलेली खोली कुणाला माहीत असेल तर अजूनही कळवा, गाडं तिथेच अडलं आहे.